अंबाबाईचे हात कसे वाचायचे

कोल्हापूरच्या अंबाबाईपुढे उभं राहताना कॅलेंडरवरची लक्ष्मी आधी डोक्यातून काढा. इथं नाणी सांडत नाहीत.

साडीदागिन्यांत हात झाकले जातात, म्हणून मूळ मूर्तीचा फोटो आधी घरी बघून ठेवा. देवीचा उजवा हात तो आपल्या डावीकडचा, हे पक्कं धरा; इथंच निम्मी मंडळी चुकतात. सुरुवात खालच्या उजव्या हातापासून करून वर जा, मग डावीकडे खाली या.

पहिलं महाळुंग. लिंबाच्या जातीचं जाड सालीचं, बियांनी भरलेलं फळ. जाणकार त्याला कर्माची रास म्हणतात: एकेका बीत पुढचं झाड. मला चारही वस्तूंत हेच आवडतं, कारण शस्त्राच्या आधी देवीनं फळ धरलंय. वरच्या हातात गदा, म्हणजे क्रियाशक्ती. डाव्या वरच्या हातात खेटक, म्हणजे ढाल, ती ज्ञानशक्ती. ज्ञान वार झेलतं, करत नाही, असं मी माझ्यापुरतं लावून घेतलंय. खाली पानपात्र: जागृती, स्वप्न, झोप यांपलीकडची तुरीय अवस्था. पुष्कळजण त्याला नुसता कलश समजतात. ते पिण्याचं पात्र आहे.

दुर्गासप्तशतीच्या पोथीत शेवटी येणारं प्राधानिक रहस्य हे प्रकरण घरी असेल तर ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’ ही ओळ पाठ करा. क्रम आपोआप बसतो. त्याच श्लोकात पुढं मस्तकावरचे नाग, लिंग आणि योनी येतात: काळ, पुरुष, प्रकृती. पण गर्दीत मागचे लोक ढकलतात, तेव्हा आधी हात बघून घ्या.