न्यूट्रोफिलचा ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट आणि कायनेज: या चुका टाळा

न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी उत्तेजित झाल्या की सुपरऑक्साइड हा क्रियाशील ऑक्सिजन झपाट्याने सोडतात; हाच ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट. त्याचं नियमन कायनेज, म्हणजे इतर रेणूंवर फॉस्फेट बसवणारी एन्झाइमं, करतात. वोर्टमॅनिन (पीआय-३ कायनेजचा इन्हिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं रसायन) टाकूनही सुपरऑक्साइड तेवढंच निघालं, म्हणजे पीआय-३ कायनेजचा इथे संबंध नाही, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याआधी पेशींना उत्तेजित कशाने केलं होतं ते पाहा. पीएमए हे उत्तेजक रसायन वापरलं असेल तर निकाल असाच येणार. पीएमए डायअसिलग्लिसरॉल या पेशीतल्या संदेशवाहक रेणूची जागा घेऊन थेट प्रोटीन कायनेज सी जागं करतं. रिसेप्टर आणि पीआय-३ कायनेज हा वरचा टप्पा वगळलाच जातो. एफएमएलपी (जिवाणूंच्या पेप्टाइडसारखं उत्तेजक) मात्र रिसेप्टरमार्गे येतं आणि त्याचा बर्स्ट वोर्टमॅनिनने जोरदार दबतो. माझ्या मते नियमनाचा प्रश्न एकट्या पीएमएवर सोडवायला घेणं ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दोन्ही उत्तेजकं शेजारी शेजारी लावाच.

दोघांचा वेगही वेगळा. एफएमएलपीचा बर्स्ट लगेच उसळतो आणि काही मिनिटांत ओसरतो, पीएमएचा थोडा थांबून सुरू होतो आणि बराच वेळ चालतो. ल्युमिनॉलची (बर्स्टमुळे प्रकाश देणाऱ्या रसायनाची) मोजणी उशिरा सुरू केली, तर एफएमएलपीचं शिखर निघून गेलेलं असतं आणि पेशी 'मंद' वाटतात.

आता सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या एनएडीपीएच ऑक्सिडेझ या एन्झाइमच्या पी४७फॉक्स या घटकाकडे येऊ, कारण कायनेजचं खरं काम तिथेच दिसतं. शांत पेशीत हे प्रथिन स्वतःवरच दुमडून सायटोसॉलमध्ये (पेशीतल्या द्रवात) असतं. शेपटाकडच्या ३०३ ते ३७९ या पट्ट्यातल्या अनेक सेरिनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसले की ते उघडतं, पटलावरच्या पी२२फॉक्सला जाऊन चिकटतं आणि पी६७फॉक्सलाही सोबत नेतं; हे दोन्ही त्याच एन्झाइमचे घटक. यातलं सेरिन ३४५ जरा वेगळं आहे. टीएनएफ हे संदेशवाहक प्रथिन दिल्यावर पी३८ आणि जीएम-सीएसएफ हे दुसरं दिल्यावर ईआरके ही कायनेज तिथे फॉस्फेट लावतात, पण तेवढ्याने बर्स्ट पेटत नाही. पेशी फक्त सज्ज होते. म्हणून सुपरऑक्साइड वाढलं नाही यावरून कायनेज निष्क्रिय होतं असं म्हणता येत नाही. बफरमध्ये एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) अंश असेल किंवा पेशी वेगळ्या करताना धसमुसळेपणा झाला असेल, तर कंट्रोलच्या पेशीही आधीच सज्ज होऊन बसतात आणि फरक दिसेनासा होतो.

इन्हिबिटरच्या नावावर विसंबू नका. स्टॉरोस्पोरिन कितीतरी कायनेज एकदम अडवतं. रॉटलेरिनला पीकेसी-डेल्टाचा (प्रोटीन कायनेज सीच्या एका प्रकाराचा) खास इन्हिबिटर समजण्याचे दिवस गेले. काही रसायनं कायनेजला हात न लावता सुपरऑक्साइडच शोषून घेतात. ते ओळखायला झँथिन ऑक्सिडेझ या सुपरऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमची पेशीविरहित चाचणी जोडीला ठेवा. ल्युमिनॉलचा प्रकाश मायलोपेरॉक्सिडेझ या न्यूट्रोफिलमधल्या एन्झाइमवरही अवलंबून असतो, त्यामुळे तो घटला तर सायटोक्रोम सी पद्धतीने पडताळा, आणि त्यात सुपरऑक्साइड डिसम्युटेझ (सुपरऑक्साइड नष्ट करणारं एन्झाइम) घातलेली नळी विसरू नका. डीएमएसओचा (इन्हिबिटर ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा) कंट्रोल आणि पेशी जिवंत असल्याची तपासणी तर हवीच.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) पी४७फॉक्सची पट्टी फिकट किंवा तुटक आली, तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी प्रोटिएझचा, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचा, विचार करा. न्यूट्रोफिलच्या कणिकांत ते ठासून भरलेले असतात आणि नेहमीचं इन्हिबिटर मिश्रण बऱ्याचदा अपुरं पडतं. डीएफपी हा प्रोटिएझ इन्हिबिटर परिणामकारक आहे, पण ते जहाल मज्जाविष आहे, प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये. पेशी थेट उकळत्या सँपल बफरमध्ये टाकणं हा सोपा आणि सुरक्षित पर्याय. फॉस्फेटेझ (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं) अडवणारा इन्हिबिटर न घालता बर्फावर ठेवलेल्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) फॉस्फेट टिकतील याचा मात्र भरवसा धरू नका.