मोबाइल घरी कधी असतो, ते आधी विचारा : मेंटॉरिंगसाठी ऑनलाइन बुकिंग बांधताना

सामाजिक संस्थेच्या मेंटॉरिंगसाठी, म्हणजे शिकून पुढं गेलेल्यांनी मुलांशी फोनवर बोलून त्यांना वाट दाखवण्यासाठी, बुकिंगची व्यवस्था बांधायला घेतली की बहुतेक जण मेंटॉरच्या कॅलेंडरपासून सुरुवात करतात. पुण्यातले सर कधी मोकळे, बेंगळुरूच्या मॅडमना कुठला वार सोयीचा, ते भरलं की काम झालं असं वाटतं. कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी या मराठी सीमापट्ट्यात एवढ्यावर थांबलात तर वेळा भरलेल्या दिसतील आणि बोलणं होणार नाही. घरात स्मार्टफोन एकच असतो, तो वडिलांच्या खिशात असतो, आणि वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला असतात.

मी जांबोटी भागातली. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि खानापूर तालुक्यातल्या एसएसएलसी-पीयूसीच्या (कर्नाटकातली दहावी आणि अकरावी-बारावी) मुलांसाठी चालणाऱ्या एका छोट्या गटाचं बुकिंग सांभाळते. त्यामुळं इथं लिहिलेलं सगळं मुलांच्या बाजूनं आहे. मेंटॉर मंडळी शिकलेली असतात, कॅलेंडर वापरून वापरून सरावलेली असतात. त्यांची सोय कुठल्याही तयार ॲपमध्ये होते.

नोंदणीच्या वेळी काय विचारायचं

पहिला प्रश्न : मोबाइल कुणाचा आणि घरी कधी असतो? कारखान्याची शिफ्ट बऱ्याच ठिकाणी आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पप्पा संध्याकाळी घरी असतात, सेकंडच्या आठवड्यात रात्री उशिरा येतात. म्हणून ‘दर मंगळवारी सातला’ अशी कायमची वेळ देऊ नका. आमच्याकडं बुकिंगच्या पानावर सगळ्यात वर एकच प्रश्न ठेवलाय, ‘या आठवड्यात शिफ्ट कुठली?’ तिथं फर्स्ट, सेकंड, नाइट किंवा ‘शिफ्ट नाही’ निवडलं की त्या आठवड्यात जमण्यासारख्या वेळाच खाली दिसतात. बाकीच्या दाखवायच्याच नाहीत.

दुसरा प्रश्न : रेंज कुठं मिळते? कणकुंबीकडच्या वाड्यांमध्ये घरात रेंज नसते, रस्त्याच्या वळणावर किंवा देवळाच्या चौथऱ्यावर येते. मुलीला तिथवर चालत जायचं असेल तर तिला अंधार पडल्यानंतरची वेळ दिसताच कामा नये. नोंदणीत ‘घरात / घराबाहेर जावं लागतं’ एवढा एक रकाना ठेवा आणि ‘घराबाहेर’ असेल तर साडेपाचनंतरच्या वेळा आपोआप गाळा. पावसाळ्यात तर हे कसोशीनं पाळा. त्या भागातला जून-जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको.

तिसरा : कुठल्या भाषेत बोलायला मोकळं वाटतं? घरात मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, पीयूसीला सायन्स घेतलं की एकदम इंग्रजी, अशी मुलं आपल्याकडं कितीतरी आहेत. आडनाव बघून भाषा ठरवू नका. विचारा, आणि एकापेक्षा जास्त भाषा निवडता येऊ द्या.

यांच्या जोडीला एक पर्यायी नंबर घ्या, शेजारच्या काकूंचा किंवा मामांचा. रिचार्ज संपून दिवस गेले की इनकमिंगही बंद होतं, तेव्हा तो उपयोगी पडतो.

मूल 18 वर्षांखालचं असेल तर माहिती साठवण्याआधी पालकांची संमती लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा तसं स्पष्ट सांगतो आणि ती संमती पडताळता येण्यासारखी असावी लागते. पण नुसती सही घेऊन भागत नाही. फोन कोण करणार, ते काय करतात, कुठं असतात, हे आमची कार्यकर्ती मुलीच्या आईला आधी फोनवर सांगते. आईला माणूस माहीत असला की मोबाइल मुलीच्या हातात येतो.

आतली मांडणी

डेटाबेसमध्ये चार तक्ते पुरतात : विद्यार्थी, मेंटॉर, मोकळ्या वेळा, बुकिंग. यातली खरी मेख विद्यार्थ्यांच्या तक्त्यात आहे. मोबाइल नंबर ही विद्यार्थ्याची ओळख धरू नका. एकाच नंबरवर थोरली बहीण पीयूसीला, धाकटा भाऊ दहावीला आणि कधी चुलत भाऊसुद्धा असतो. नंबर ‘युनिक’ (एकदाच नोंदवता येणारा) ठेवलात तर दुसऱ्या भावंडाची नोंदणी अडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाचं बुकिंग दुसऱ्याच्या नावावर जाईल. प्रत्येकाला स्वतःचा छोटा क्रमांक द्या. नंबर टाकल्यावर ‘कोण बोलणार?’ असं विचारून त्या घरातल्या मुलांची नुसती पहिली नावं दाखवा.

‘युनिक’ची अट बुकिंगच्या तक्त्यात हवी : एका मोकळ्या वेळेला एकच चालू बुकिंग. रविवारी सकाळी वेळा खुल्या झाल्या की दोन मुलं एकाच क्षणी एकाच वेळेवर बोट ठेवतात. स्क्रीनवर तपासून हे सुटत नाही, कारण दोघांनाही ती वेळ मोकळीच दिसत असते. निवाडा डेटाबेसनं करायचा. ज्याची नोंद आधी पोचली ती वेळ त्याची, दुसऱ्याला लगेच ‘ही वेळ गेली, या तीन मोकळ्या आहेत’ असा निरोप. रद्द झालेलं बुकिंग पुसून टाकू नका, त्याची स्थिती फक्त बदला. आणि ही युनिकची अट चालू बुकिंगपुरतीच ठेवा, नाहीतर रद्द झालेली वेळ पुन्हा कुणालाच मिळणार नाही.

वेळ साठवताना यूटीसीमध्ये (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) साठवा आणि दाखवताना भारतीय वेळेत दाखवा. मेंटॉर सगळे भारतातच असतील तर हा मुद्दा सोडून द्या. पण गावचं कुणीतरी न्यू जर्सीत असतंच. आपली संध्याकाळची सात म्हणजे तिकडं उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं सरकतात, म्हणजे आपल्या परीक्षांच्या ऐन धामधुमीत. आपली घड्याळं हलत नाहीत. तेव्हा मुलांची वेळ पक्की धरायची आणि मेंटॉरला त्यांची बदललेली वेळ आठवडाभर आधी कळवायची.

कुणाला कोण मेंटॉर

पुण्या-मुंबईचे मेंटॉर मनापासून बोलतात, पण त्यांच्या डोक्यात ‘बारावी’ आणि एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, असते. इकडं केसीईटीच्या (कर्नाटकाची प्रवेश परीक्षा) इंजिनिअरिंग रँकमध्ये पीयूसीचे मार्क आणि सीईटीचे मार्क निम्मे-निम्मे धरतात. ‘बोर्डाचं एवढं टेन्शन नको, सीईटीवर लक्ष दे’ हा तिकडं बरोबर असलेला सल्ला इकडच्या मुलीचं नुकसान करू शकतो. म्हणून मेंटॉरच्या नोंदीत ‘केसीईटी माहीत’ आणि ‘महाराष्ट्रातले प्रवेश माहीत’ असे दोन वेगळे शिक्के ठेवा. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रात असलेल्या सोयींबद्दल विचारणाराही एक गट नेहमी असतो. त्यांना दुसऱ्या शिक्क्याच्या मेंटॉरकडंच पाठवा.

त्यासाठी बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा : ‘कशाबद्दल बोलायचं?’ पर्याय मोजके ठेवा : पीयूसीला काय घ्यावं, केसीईटी, महाराष्ट्रात प्रवेश, शिष्यवृत्ती, इंग्रजी जड जातंय, दुसरं काही. मोकळा चौकोन देऊन ‘सविस्तर लिहा’ म्हणू नका. वडिलांच्या मोबाइलवर मुलगी काय सविस्तर लिहिणार? ‘दुसरं काही’ निवडलं की आमची कार्यकर्ती आधी स्वतः फोन करते.

वेळा वाटताना

अर्ध्या तासाचं बोलणं आणि मध्ये पंधरा मिनिटं रिकामी. एका मुलाचं पुढचं बुकिंग एकावेळी एकच. दोन आठवड्यांपलीकडच्या वेळा उघडायच्या नाहीत, शिफ्टच माहीत नसते. आणि प्रत्येक आठवड्यातल्या निदान एक तृतीयांश वेळा मिस्ड कॉलवाल्यांसाठी मागं ठेवा. ज्या मुलांच्या हातात दिवसभर मोबाइल असतो ती दहा मिनिटांत सगळं भरून टाकतात, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम काढला ती राहतात. मिस्ड कॉल आला की कार्यकर्ती उलट फोन करून त्याच पडद्यावरून त्या मुलाच्या वतीनं बुकिंग करते. ही ‘वतीनं बुकिंग’ची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी, नंतर बघू म्हणायची गोष्ट नाही.

पडद्यावर ‘19:00’ लिहू नका. ‘मंगळवार, संध्याकाळी 7’ लिहा.

आठवण करून देणं

व्हॉट्सॲप चालतं, पण डेटा संपलेला असला तर निरोप दुसऱ्या दिवशी पोचतो. म्हणून एसएमएस हवाच. देवनागरी एसएमएसमध्ये 160 नाही, 70 अक्षरं मावतात, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘द्या’ आपल्याला एक अक्षर दिसतं, तिथं चार धरली जातात. सत्तरच्या पुढं गेलात की दोन एसएमएसचे पैसे. आमचा मजकूर असा आहे :

‘उद्या संध्या. 7 ला ताईंचा फोन. जमणार नसेल तर मिस्ड कॉल द्या.’

हे साठात बसतं. असा मजकूर टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (संस्थांच्या एसएमएसची नोंदणी होते ती वेबसाइट) आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा ते काम कार्यक्रम सुरू व्हायच्या बरंच आधी हातात घ्या. मजकुरात विषय कधीही घालू नका. मोबाइल दुसऱ्याचा असतो, निरोप सगळं घर वाचतं.

एक आठवण आदल्या संध्याकाळी, दुसरी दोन तास आधी. सकाळी पाठवलेली पप्पांबरोबर कामावर जाते.

बोलणं झालं नाही तर

‘गैरहजर’ असा एकच शिक्का ठेवलात तर तुमचा तक्ता खोटं बोलायला लागेल. निदान चार वेगळे हवेत : रेंज नव्हती, मोबाइल घरी नव्हता, विद्यार्थ्याला वेळ नव्हता, मेंटॉरकडून फोन गेला नाही. पहिल्या दोन्हींत मुलाचा काही दोष नाही, त्याला पुढच्या आठवड्यात आधी वेळ द्या. चौथा शिक्का दोनदा पडला तर त्या मेंटॉरच्या पुढच्या वेळा थांबवा आणि त्यांच्याशी बोला. फोनच्या आशेनं वळणावर जाऊन उभी राहिलेली मुलगी पुन्हा बुकिंग करताना दहादा विचार करते. याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

फोन नेहमी मेंटॉरच्या बाजूनं, साधा व्हॉइस कॉल, आणि कार्यकर्तीनं जोडून दिलेला. मुलांचा नंबर मेंटॉरला दिसायची गरज नाही. व्हिडिओचा आग्रह धरू नका.

साधनं कुठली

मुलं थोडी असतील तर गूगल शीट आणि एक जबाबदार माणूस पुरतो. गूगल फॉर्म एकटा पुरत नाही, कारण भरलेली वेळ त्यातून आपोआप नाहीशी होत नाही. गूगल कॅलेंडरचं बुकिंग पान बरं आहे, पण ते ईमेल मागतं, आणि या मुलांचा ईमेल म्हणजे कॉलेजच्या ॲडमिशनला कुणीतरी काढून दिलेला, पासवर्ड विसरलेला. पसारा वाढला तर मुक्त स्रोतातलं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, बुकिंगचं साधन घेऊन वरचे नियम त्यात बसवता येतात.

वर्षाचं वेळापत्रकही आधीच घालून ठेवा. गणपतीचे दिवस, गावाची जत्रा, जुलैतली भात लावण, परीक्षांचे आठवडे बंद. निकालानंतर आणि केसीईटीचे ऑप्शन (कॉलेज-शाखांची पसंती) भरायच्या दिवसांत मात्र पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा रोज उघडा. तेव्हाचा प्रश्न छोटा असतो आणि उत्तर त्याच दिवशी लागतं.

सुरुवात एकाच गावापासून करा. पहिले काही आठवडे वहीतही नोंद ठेवा आणि दर शनिवारी वही आणि तक्ता समोरासमोर ताडून बघा. शनिवारीच पुढच्या आठवड्याची यादी छापून गावातल्या कार्यकर्तीकडं द्या. सर्व्हर बंद असला, नेट गेलं, तरी कुणाला कधी फोन आहे ते तिच्या हातात असलं पाहिजे.