६० च्या पुढे गाडीत घुं घुं : माझा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाटा सोडून विल्होळीकडे हायवेला लागलं, काटा ६० च्या पुढे गेला, की गाडीत घुं घुं सुरू. ओझर विमानतळावरून विमान उडालं की काय असं वाटायचं. शहरात सिग्नल ते सिग्नल काहीच नाही.

मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली. (इंजिन चालूच ठेवा, बंद केलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात.) आरपीएम उतरला, आवाज तसाच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. उरले टायर नाहीतर व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग). इथेच लोक घाईने नवे टायर घेतात. टायरचा आवाज डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा असतो. माझा बदलत नव्हता. पुढचे टायर मागे टाकले, तरी तोच.

मग लांब वळणं. डावीकडे वळताना वाढायचा, उजवीकडे जवळजवळ गायब. डाव्या वळणात भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजव्या बाजूवर.

अंबडच्या गॅरेजमध्ये पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं. मेकॅनिकने हलवून पाहिलं. "दादा, प्ले (ढिलेपणा) नाही, बेअरिंग ओके आहे." म्हटलं, सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरव. खरखर बोटांना लागली. म्हणजे बेअरिंगच गेलेलं.

नवं बेअरिंग प्रेसवरच (दाबून बसवायच्या मशीनवर) बसवून घ्या. हातोड्याने ठोकलं तर नवंही लवकर जातं. एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बेअरिंगमध्ये चुंबकीय रिंग असेल तर ती बाजू सेन्सरकडे हवी, नाहीतर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो. "जोडीने बदला" असा आग्रह झाला. डावं गप्प होतं, राहू दिलं.