ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना घ्यायचा कसा आणि रिपोर्ट वाचायचा कसा

मे महिन्यात भोसरीतल्या आमच्या लॅबच्या टेबलावर हात ठेवायला जागा नसते. पावसाळा तोंडावर आला की चाकण, तळवडे, रांजणगाव, कुरकुंभ, सगळीकडून ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या बाटल्या येऊ लागतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, खोबरेल तेलाचे डबेसुद्धा. सोबत चिठ्ठी: ‘बीडीव्ही करून द्या, अर्जंट.’ बीडीव्ही म्हणजे तेल किती व्होल्टेजपर्यंत ठिणगी पडू न देता टिकतं ती चाचणी. आकडा येतो १८ किंवा २२ किलोव्होल्ट, म्हणजे कमी. कारखान्यातला मेंटेनन्सवाला घाबरतो, फिल्टर मशीनवाल्याला फोन करतो आणि वर्षाचं बजेट एका दिवसात तेलात जातं. यातल्या कितीतरी वेळा तेल ठीक असतं, बाटली वाईट असते. तेव्हा सुरुवात बाटलीपासून.

बाटली काचेची घ्या, गडद तपकिरी मिळाली तर उत्तम, कारण उजेडानंही तेल बदलतं. एक लिटरची पुरते. झाकणाच्या आत रबर किंवा पुठ्ठ्याची चकती असेल तर ती बाटली नको. साबणानं धुवून घरगुती ओव्हनमध्ये वाळवलेली बाटली दिसायला स्वच्छ असते, पण साबणाचा अंशही पृष्ठताण (तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथला ताण) पाडतो आणि मग त्या रिपोर्टवरून तेल म्हातारं झालंय असं वाटतं. सरळ लॅबकडूनच बाटल्या मागवा. आम्ही वाळवून, झाकण लावून देतो, वेगळे पैसे घेत नाही. ओला चमचा लोणच्याच्या बरणीत घातला तर बरणीचा दोष नसतो ना, तसंच आहे हे.

आता दिवस. आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, त्यामुळे शटडाऊनही गुरुवारीच मिळतो. पण बुधवारी रात्रीच सप्लाय बंद करून गुरुवारी दुपारी आरामात नमुना घ्यायला गेलात, तर तेल थंड झालेलं असतं. गरम तेलात पाणी जास्त विरघळतं, थंड होताना ते वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनच्या कागदात परत जातं किंवा तळाशी बसतं. म्हणजे तुम्ही जे तेल बाटलीत भरलं ते चालू ट्रान्सफॉर्मरमधलं तेल नव्हेच. शटडाऊन घेतल्यावर तासाभरात, तेल अजून कोमट असताना नमुना घ्या. ऑइल टेंपरेचर गेजवरचा आकडा लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे. पाऊस पडत असेल, वळवाचं आभाळ आलं असेल, तर नमुना घेऊच नका. हवेतली ओल बाटलीच्या तोंडातून आत जाते.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण यात तडजोड नाही. एचटी म्हणजे उच्च दाबाची बाजू सप्लायपासून तोडलेली, कुलूपबंद, टेस्टरनं तपासलेली आणि डिस्चार्ज रॉडनं अर्थिंग केलेली हवी. एलटी म्हणजे कमी दाबाच्या बाजूनं जनरेटर मागून सप्लाय देत नाहीये ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. काम परवानाधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली. ‘अहो, नुसता खालचा व्हॉल्व्ह तर उघडायचाय’ हे वाक्य मला ऐकवू नका. आणखी एक: आधी कॉन्झर्व्हेटरमधली, म्हणजे वरच्या छोट्या टाकीतली, तेलाची पातळी बघा. ती खालच्या खुणेच्या जवळ असेल तर तेल काढण्याआधी ते कुठे गेलं ते शोधा.

खालच्या ड्रेन व्हॉल्व्हचं तोंड बिनधाग्याच्या कापडानं पुसा. कॉटन वेस्ट नको. त्यातले तंतू हेच बीडीव्हीचे खरे शत्रू आहेत. व्हॉल्व्ह उघडून पहिलं दोनेक लिटर तेल बादलीत सोडा. तिथे साचलेला गाळ आणि पाणी हे टाकीचं प्रतिनिधित्व करत नाही. पण बादलीकडे बघा मात्र. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर बाटलीची गरजच उरली नाही, तुमचं निदान तिथेच झालं. नंतर बाटली त्याच तेलानं दोन-तीनदा विसळा, बाटलीच्या कडेनं धार सोडत फेस न होऊ देता भरा, वर बोटभर जागा ठेवा, लगेच झाकण लावा. बोट तोंडात घालू नका. हसू नका, लोक घालतात.

लेबलवर ट्रान्सफॉर्मरचा नंबर, केव्हीए (क्षमता), व्होल्टेज, बनावटीचं वर्ष, तेलाचं तापमान, नमुना खालून घेतला की वरून, आणि शेवटचं फिल्टरेशन कधी झालं. ‘ट्रान्सफॉर्मर क्र. १’ एवढंच लिहिलेल्या बाटलीला मी काय सल्ला देणार?

विरघळलेल्या वायूंची तपासणी म्हणजे डीजीए करायची असेल तर बाटली चालत नाही. काचेची ५० मिलिलिटरची सिरिंज, तीन तोंडांचा कॉक, आणि आत एकही बुडबुडा नाही. ४००-५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला मी दरवर्षी डीजीए सुचवत नाही. मोठा असेल, किंवा बकोल्झ रिलेनं (तेलात वायू साठला की इशारा देणाऱ्या उपकरणानं) अलार्म दिला असेल, तर मात्र ताबडतोब करा. हायड्रोजन वाढला तर आंशिक डिस्चार्जची (इन्सुलेशनच्या थोड्याच भागात होणाऱ्या बारीक डिस्चार्जची) शंका, इथिलीन वाढला तर कुठेतरी तेल फार तापतंय, आणि ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणगी पडतेय. कार्बन मोनॉक्साइड कागदाबद्दल बोलतो.

लॅबमध्ये बीडीव्ही म्हणजे नेमकं काय करतो ते सांगते, कारण आकडा त्यातूनच कळतो. तेलाच्या भांड्यात दोन इलेक्ट्रोड, मध्ये २.५ मिलिमीटर अंतर. व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्टनं वाढवत नेतो. ठिणगी पडली की तो आकडा. मग दोन मिनिटं थांबून पुन्हा, असं सहा वेळा, आणि सरासरी रिपोर्टवर. इथेच माझा आग्रह: सरासरीवर समाधान मानू नका, सहाही आकडे मागून घ्या. ५२, ४८, २१, ५५, ५०, १९ असे आकडे आले तर सरासरी ४१च्या आसपास येते आणि रिपोर्ट ‘समाधानकारक’ म्हणतो. पण ते १९ आणि २१ सांगतात की तेलात तंतू किंवा धूळ फिरतेय. ओलसर तंतू विद्युतक्षेत्रात एका रेषेत येतात, दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल बांधतात आणि ठिणगी तिथून जाते. सहाही आकडे २५ ते २८मध्ये अडकलेले असतील तर दोष वेगळा, बहुधा पाण्याचा.

मर्यादा किती? चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलासाठी आयएस १८६६ हे मानक वापरतात. ७२.५ केव्हीच्या खालच्या उपकरणांना त्यात किमान ३० किलोव्होल्ट आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने २२ केव्हीवर चालतात, त्यांना हाच आकडा. नवीन तेलाचं मानक आयएस ३३५. त्यात ड्रममधून आलेलं, प्रक्रिया न केलेलं तेल ३० आणि प्रक्रिया केल्यावर ७०. म्हणजे ड्रम उघडून थेट टाकीत ओतणारे जे कंत्राटदार ‘नवीन तेल आहे साहेब’ म्हणतात, त्यांचं तेल कागदोपत्री नवीन असलं तरी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाण्यालायक झालेलं नसतं.

पण बीडीव्ही एकट्यानं सगळं सांगत नाही. हे मी फोनवर इतक्यांदा सांगते की आता लिहूनच टाकते. बीडीव्ही तेलात पाणी आणि कचरा आहे का ते सांगतो, तेल म्हातारं झालंय का ते नाही. त्यासाठी आम्लता आणि पृष्ठताण. आम्लता ०.३ मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅमच्या वर गेली की गाळ बसण्याची भीती. हा गाळ वाइंडिंगवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, थंडावा कमी होतो, तेल आणखी तापतं, आम्लता आणखी वाढते. पृष्ठताण नव्या तेलाचा ४० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, १५च्या खाली आला की तेलाचे दिवस भरले.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. बीडीव्ही कमी, आम्लता ०.०५, रंग फिका पिवळा: फिल्टर करा, तेल छान आहे. बीडीव्ही ४५, आम्लता ०.३५, रंग गडद चहासारखा: फिल्टर केलंत तर पैसे वाया. फिल्टर मशीन पाणी, वायू आणि कण काढते, आम्ल नाही. आम्ल काढायला मुलतानी मातीसारख्या मातीतून तेल जिरवावं लागतं, नाहीतर तेल बदलावं लागतं. लहान ट्रान्सफॉर्मरला बदलणंच परवडतं. एका कारखान्यातून मला विचारणा झाली होती, ‘मॅडम, आकडा जरा बरा येईल असं बघा ना.’ आकडा मी बघत नाही, मशीन बघतं.

पाण्याचा आकडा, पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), तापमानाशिवाय वाचू नका. ६० अंशाला घेतलेल्या नमुन्यात ४० पीपीएम आणि २५ अंशाला घेतलेल्या नमुन्यात ४० पीपीएम यात फार फरक आहे. दुसऱ्यात तेल पाण्यानं अर्ध्याहून जास्त भरलंय, आणि रात्री थंडी वाढली की पाणी बाहेर पडू शकतं. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी तेलात नसतंच, ते कागदाच्या इन्सुलेशनमध्ये असतं. म्हणून फिल्टर केल्यावर बीडीव्ही ६५ येतो, सगळे खूश होतात आणि काही महिन्यांत तो परत ३५वर येतो. कागद हळूहळू पाणी सोडतो. यात फिल्टरवाल्यानं फसवलं असं दर वेळी नसतं.

फिल्टरवाल्याला मात्र तीन प्रश्न विचारा. मशीनमधून याआधी कुठलं तेल गेलं? हायड्रॉलिक किंवा टर्बाइन ऑइल गेलं असेल तर आधी फ्लशिंग करून घ्या, नाहीतर त्यातली ॲडिटिव्हज तुमच्या टाकीत येतील. तेल ६० ते ६५ अंशापर्यंत तापवणार का? आणि व्हॅक्यूम खरोखर चालतंय का, की गेज नुसता शोभेचा आहे? काम झाल्यावर एक दिवस तेल स्थिर होऊ द्या, मग नमुना. दुसरा नमुना महिना-दोन महिन्यांनी, लोडवर चालल्यानंतर. दुसराच खरा.

आता ब्रीदर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून श्वास घेतो ती जेल भरलेली डबी. दिवसा तेल फुगतं, रात्री आकसतं, आणि आकसताना हवा ब्रीदरमधून आत येते. त्यातली ओल सिलिका जेल शोषतं. निळं जेल गुलाबी होतं, नारिंगी हिरवट किंवा रंगहीन होतं. हवा खालून येते, त्यामुळे रंग खालून वर बदलायला हवा. वरचं जेल आधी गुलाबी झालं असेल तर हवा ब्रीदरला वळसा घालून वरून कुठून तरी शिरतेय: पाइपचा जोड, गॅस्केट, कॉन्झर्व्हेटरचं झाकण. जेल बदलून उपयोग नाही, गळती शोधा. खालच्या कपात खुणेपर्यंत तेल आहे ना ते बघा. नवीन ब्रीदर बसवताना त्याचं रबरी बूच काढायचं राहतं आणि ट्रान्सफॉर्मर मग गॅस्केटमधून श्वास घेतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते भाजायला कॅंटीनच्या ओव्हनमध्ये नेऊ नका. नवीन घेताना नारिंगीच घ्या. जिथून तेल बाहेर पाझरतं तिथून थंड होताना ओल आतही येऊ शकते. त्यामुळे पाझरणारं गॅस्केट फक्त यार्ड घाण होण्याचा प्रश्न नसतो.

डांबराबद्दल एक परिच्छेद, कारण आमच्याकडे दोन्हीच्या चाचण्या होतात आणि लोक दोन्ही एकाच टेंपोतून पाठवतात. डांबर आणि ट्रान्सफॉर्मर ऑइल दोन्ही खनिज तेलातूनच येतात, त्यामुळे डांबर त्या तेलात विरघळतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या केबल बॉक्समध्ये गरम करून ओतलेलं काळं बिटुमेन कंपाउंड असतं. बुशिंगच्या (तार टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) गॅस्केटमधून तेल तिथे झिरपलं की ते मऊ पडून बाहेर येऊ लागतं. बॉक्सखाली काळं-तेलकट ओघळलेलं दिसलं तर ते पुसून विसरू नका. यार्डात डांबरी रस्ता करू नका, काँक्रीट आणि खडी ठेवा. रस्त्याचं व्हीजी-३० प्रतीचं डांबर आयएस ७३प्रमाणे किमान ४७ अंशाला मऊ पडायला हवं, पण त्यावर तेल सांडत राहिलं तर ही चाचणी कागदावरच राहते. ट्रान्सफॉर्मर रूमच्या छतावरचं डांबरी वॉटरप्रूफिंगही तेलकट हात, तेलकट बूट यांच्यापासून लांब. आणि डांबराचं पिंप धुऊन त्यात तेल भरायचं नाही. कितीही धुतलंत तरी.

नवीन तेलाचे ड्रम शेडमध्ये, आडवे, दोन्ही बुचं तेलाखाली राहतील असे ठेवा. उघड्यावर उभे ठेवलेल्या ड्रमवर पावसाचं पाणी साचतं आणि थंड होताना ड्रम ते बुचातून ओढून घेतो.

काढून टाकलेलं तेल भंगारवाल्याला देऊ नका, बॉयलरमध्ये जाळू नका. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या, फॉर्म १० (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद) भरून घ्या आणि त्याची प्रत ट्रान्सफॉर्मरच्या फाइलमध्ये, ऑइल रिपोर्टच्या शेजारी लावा. फाइल नसेल तर आधी फाइल करा. मागच्या तीन-चार वर्षांचे रिपोर्ट समोर असतील तर माझ्याकडे फोन करायची निम्मी गरज राहणार नाही.