छोट्या ऑफिसच्या नेटवर्कसाठी मोफत डेटाबेस सर्व्हर कसा निवडावा

बिलिंगची एकच फाइल शेअर फोल्डरमधून आठ-दहा संगणकांवर उघडायची, ही सोय फार दिवस टिकत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची डेटाबेस फाइल २ जीबीवर थांबते. एकाच फाइलमध्ये डेटाबेस ठेवणारा एसक्यूलाइट उत्तम आहे, पण तो सर्व्हर नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये त्याच्या फाइल लॉकिंगवर (एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलपावर) विसंबू नये. डेटाबेस सर्व्हरमध्ये फाइलला एकच प्रोग्राम हात लावतो, बाकीचे संगणक त्याच्याकडे फक्त माहिती मागतात.

पायरी १: आधी सॉफ्टवेअर कशावर चालतं ते विचारा. तयार पॅकेज घेतलं असेल तर कोणता डेटाबेस आणि कोणती आवृत्ती चालते, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. बऱ्याचदा निवड इथेच संपते.

पायरी २: मोफत म्हणजे किती मोफत, ते वाचा. मायक्रोसॉफ्टच्या मोफत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या २०२२ आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त ४ कोअर वापरले जातात. नुसत्या नोंदींना १० जीबी भरपूर होतात. बिलांचे स्कॅन टेबलातच साठवायला लागलात, तर मात्र पाहता पाहता भरतात. शिवाय ठरलेल्या वेळी कामं उरकणारा एजंट त्यात नसतो, त्यामुळे रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावावा लागतो. पोस्टग्रेस आणि मारियाडीबी या मोफत डेटाबेस सर्व्हरमध्ये आकाराची किंवा कोअरची अशी अडवणूक नाही.

पायरी ३: हात मोकळे असतील तर माझं मत पोस्टग्रेसला. परवाना सैल आहे, डेटाच्या बाबतीत शिस्त कडक आहे आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. वेबवर चालणारं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेससाठी लिहिलेलं असेल, तर २००९ मध्ये त्यातूनच फुटलेला मारियाडीबी बहुधा चालून जातो, तरी खात्री करून घ्या. सर्व्हरकडे रोज बघायला माणूसच नसेल तर फायरबर्ड या आणखी एका मोफत डेटाबेस सर्व्हरचा विचार करा: इन्स्टॉलेशन लहान, आणि सगळा डेटाबेस सहसा एकाच फाइलमध्ये.

पायरी ४: सर्व्हर वेगळ्या संगणकावर ठेवा, यूपीएससकट. संध्याकाळी कुणीतरी बंद करून जाईल असा संगणक नको. पोस्टग्रेस सुरुवातीला फक्त स्वतःच्या संगणकावरूनच जोडणी घेतो. ती ऑफिसच्या नेटवर्कपुरतीच उघडा. राउटरवर ५४३२ पोर्ट (पोस्टग्रेस ज्या क्रमांकावर जोडणी घेतो तो) इंटरनेटला कधीही उघडू नका. सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर करा, ॲडमिनचा पासवर्ड त्यात घालू नका.

पायरी ५: निवड पक्की करण्याआधी बॅकअप परत आणून बघा. सर्व्हर चालू असताना डेटा फोल्डर नुसता कॉपी केला, तर तो बॅकअप धरू नका. पोस्टग्रेससाठी पीजी-डंप हे त्याचंच बॅकअपचं साधन वापरा. मग दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर तो बॅकअप चढवा, कालचं शेवटचं बिल उघडा आणि त्याची रक्कम मूळ बिलाशी ताडून पाहा. हे काम ऑफिसमधल्याच माणसाला करायला लावा, इन्स्टॉल करून देणाऱ्याला नाही. त्याला कुठे अडलं ते कागदावर उतरवा आणि तो कागद सर्व्हरशेजारी चिकटवा.