गुरुत्वाकर्षण, वजन आणि दाब : गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

नववीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. भौतिकशास्त्राच्या या प्रकरणांत मुलांचे गुणाकार-भागाकार क्वचित चुकतात. चूक होते ती त्याच्या आधीच. प्रश्न वाचताच नजर वस्तूच्या मोठेपणावर जाऊन बसते. जड वस्तू आधी पडणार, मोठ्या टाकीचे पाणी जोरात येणार, लोखंड बुडणारच, असा निकाल मनात अगोदरच लागलेला असतो आणि सूत्र मागाहून त्याला चिकटवले जाते. सूत्र मात्र पुष्कळदा मोठेपणाची चौकशीच करत नाही. ते खोली विचारते, क्षेत्रफळ विचारते, बुडालेला भाग किती ते विचारते.

किलो आणि न्यूटन

गोव्यात या गोंधळाला भाषेचाही हातभार लागतो. प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोंकणीतून झालेले असते, माध्यमिक शाळेत विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून येते आणि बाजारात ‘वजन किती?’ या प्रश्नाला उत्तर किलोतच मिळते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘एकोणीस पूर्णांक सहा दशांश न्यूटन कांदे द्या’ असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. उत्तरपत्रिकेत मात्र वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन न्यूटनमध्येच लिहावे लागते, कारण वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल. दोन किलो कांद्यांचे वस्तुमान २ किलोग्रॅम आणि वजन, म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण, २ × ९.८ म्हणजे १९.६ न्यूटन.

हा फरक केवळ एककांचा नाही, हे पटवण्यासाठी मुलांना मी चंद्रावर नेण्याऐवजी वास्कोला नेतो. तिथल्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी तिथून होते. गोव्यात गुरुत्वत्वरण, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. अंटार्क्टिकातील मैत्री या आपल्या केंद्रापाशी ते सुमारे ९.८३ भरते, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि तिच्या परिवलनाचा परिणामही तिकडे कमी होत जातो. आता गोव्यात बरोबर ५० किलो दाखवणारा ताणकाटा सोबत नेला, तर त्याच माणसाला तो मैत्रीवर सुमारे ५०.२ किलो दाखवील. माणूस तोच, त्याचे वस्तुमानही तेच. स्प्रिंगला जाणवणारी ओढ तेवढी वाढली. दोन पारड्यांचा तराजू मात्र दोन्ही ठिकाणी तेच उत्तर देईल, कारण वाढलेली ओढ मापांनाही लागू होते. ताणकाटा बल मोजतो आणि तराजू वस्तुमानांची तुलना करतो, एवढे नीट समजले की ‘चंद्रावर कोणता काटा काय दाखवील’ हा हमखास येणारा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

याच प्रकरणात स्मॉल जी आणि कॅपिटल जी यांची अदलाबदल होते. कॅपिटल जी हा वैश्विक गुरुत्वस्थिरांक असून तो सर्वत्र तोच राहतो. कॅव्हेंडिशच्या १७९८ सालच्या प्रयोगावरून त्याची किंमत काढता येते. स्मॉल जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, जागेप्रमाणे बदलतो. अंतराळस्थानकात तो शून्य होतो, असे लिहिणारी मुलेही दरवर्षी भेटतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर त्याची किंमत ८.७ च्या आसपास असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचे यान एकत्रच पृथ्वीभोवती सतत पडत असतात.

नारळ आणि सुपारी

बारा मीटर उंचीवरून दीड किलोचा नारळ आणि तीस ग्रॅमची सुपारी एकाच क्षणी सुटली, तर जमिनीवर आधी काय पोचेल? नारळ, असे उत्तर वर्गातून एका सुरात येते. पृथ्वी नारळाला १४.७ न्यूटन बलाने ओढते आणि सुपारीला केवळ ०.२९४ न्यूटनने, इथपर्यंत मुलांचे बरोबरच असते. पुढचा भागाकार करायचा राहून जातो. १४.७ भागिले १.५ म्हणजे ९.८, आणि ०.२९४ भागिले ०.०३ म्हणजेही ९.८. नारळाला ओढ जितक्या पटीने जास्त, तितक्याच पटीने त्याला हलवणेही अवघड. म्हणून हवेचा विरोध सोडला, तर दोन्ही सुमारे १.५७ सेकंदांत आणि सुमारे १५.३ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येतील. हा वेग ताशी ५५ किलोमीटर होतो, म्हणून माडाखाली गाडी कोणी लावत नाही.

वाळलेली झावळी मात्र रमतगमत खाली येते. तिला हवा अडवते, आणि तो दोष मुले गुरुत्वाकर्षणाच्या माथी मारतात. अपोलो १५ च्या मोहिमेत, २ ऑगस्ट १९७१ रोजी, डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडले तेव्हा दोन्ही एकदमच खाली पडले, कारण तिथे अडवायला हवा नव्हती.

वर फेकलेल्या चेंडूचा सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो. त्वरण शून्य होत नाही, ते तिथेही ९.८ आणि खालच्या दिशेनेच असते. तसे नसते तर चेंडू तिथेच टांगून राहिला असता. आणि पृथ्वी नारळाला जितक्या बलाने ओढते तितक्याच बलाने नारळही पृथ्वीला ओढतो, हे वाक्य हसून सोडून देऊ नये. त्यावर गुण असतात.

क्षेत्रफळाचा घोळ

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सर्वांना येते. तरीही एक ठरावीक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की उत्तर वाचताच ती कुठे झाली ते सांगता येते. प्रश्न असा : ४५ किलोग्रॅम वस्तुमानाची मुलगी दोन्ही पायांवर उभी आहे आणि तळव्यांचे एकूण क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटर आहे, तर जमिनीवर दाब किती? वहीत उत्तर असते १४७ पास्कल (एक पास्कल म्हणजे एक न्यूटन प्रति चौरस मीटर). वजन ४४१ न्यूटन हे बरोबर असते, पण ३०० चौरस सेंटीमीटरचे ३ चौरस मीटर केलेले असतात. एका मीटरमध्ये १०० सेंटीमीटर असतात, पण एका चौरस मीटरमध्ये १०० × १०० म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर. म्हणून क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर आणि दाब १४,७०० पास्कल.

उत्तर पडताळण्याची एक सोपी युक्ती आहे. पाण्याच्या एक मीटर खोलीवर पाण्यामुळे ९,८०० पास्कल दाब असतो, एवढे लक्षात ठेवावे. १४७ पास्कल म्हणजे दीड सेंटीमीटर पाण्याखालचा दाब. ४५ किलोची मुलगी जमिनीवर एवढाच दाब देत असती, तर भाताच्या चिखलात तिचे पाय रुतले नसते. तीच मुलगी एका पायावर उभी राहिली की दाब २९,४०० पास्कल होतो, म्हणजे बरोबर तीन मीटर पाण्याखाली असतो तेवढा.

टाकी, समुद्र आणि मानस

द्रवातील दाब म्हणजे खोली × घनता × गुरुत्वत्वरण. या सूत्रात पाणी एकूण किती आहे, याला जागाच नाही, आणि मन बंड करते ते नेमके इथे. आमच्याच घरी स्वयंपाकघरातल्या नळाला धार येत नाही म्हणून ५०० लिटरची टाकी काढून त्याच ओट्यावर १००० लिटरची बसवली गेली. घरात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस असूनही हे घडले, हे कबूल केले पाहिजे. नवी टाकी वीतभर उंच होती, तेवढाच काय तो फरक पडला. ओटा एक मीटरने उंच केला असता, तर दाब ९,८०० पास्कलने वाढला असता.

हाच नियम मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर खाजन जमिनीच्या बांधावर जावे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये आणि शेतातले जादा पाणी ओहोटीला बाहेर जावे, यासाठी बांधात मानस बांधलेली असते. तिची लाकडी दारे नदीच्या बाजूलाच उघडतील अशी बसवलेली असतात. बाहेर थेट अरबी समुद्रापर्यंत पाणीच पाणी आणि आत एक छोटी पोय, म्हणजे पाणी साठणारा खोलगट भाग. मग हे दार समुद्राला अडवते तरी कसे, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. प्रश्न चांगला आहे, पण दाराला समुद्र दिसत नाही. त्याला दोन्ही बाजूंच्या पाण्याची उंची तेवढी कळते.

एक मीटर रुंद दार घेऊ आणि सोयीसाठी पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरू. भरतीला बाहेर १.५ मीटर आणि आत १ मीटर पाणी आहे. इथे मुले तळाचा दाब, म्हणजे १४,७०० पास्कल, संपूर्ण दाराला लावतात आणि बल दुप्पट काढून बसतात. दाब पृष्ठभागाशी शून्यापासून सुरू होऊन तळाकडे वाढत जातो (हवेचा दाब दोन्ही बाजूंनी सारखाच असल्याने तो इथे सोडून देता येतो), म्हणून सरासरी ७,३५० पास्कल घ्यावा. पाण्याने व्यापलेले क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, म्हणून बाहेरून बल ११,०२५ न्यूटन. आतून त्याच हिशेबाने ४,९०० पास्कल गुणिले १ चौरस मीटर, म्हणजे ४,९०० न्यूटन. उरलेले ६,१२५ न्यूटन बल दार घट्ट मिटून ठेवते. ६२५ किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन साधारण एवढेच भरते. ओहोटीला बाहेरचे पाणी ०.६ मीटरवर उतरले की बाहेरचे बल १,७६४ न्यूटन होते आणि आतले पाणी ३,१३६ न्यूटनच्या जादा बलाने दार ढकलून उघडते. कडी लावायला कोणी जावे लागत नाही. दाब तळाशी जास्त असतो, म्हणूनच बांध आणि धरणेही पायथ्याशी रुंद असतात.

हवेच्या दाबाची एक चूक विहिरीवर सापडते. पंप पाणी ओढतो, असे आपण बोलतो आणि उत्तरातही तसेच लिहितो. काठावरचा पंप नळीतली हवा काढून घेतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा. तिचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या १०.३ मीटर उंचीएवढा. म्हणून पाणी त्याहून खोल असेल तर काठावरचा पंप कितीही अश्वशक्तीचा असो, नळी कोरडीच राहते. पाण्यात सोडलेला पंप खालून ढकलतो, त्यामुळे त्याला ही मर्यादा नाही.

बुडालेले तेवढेच मोजा

तरंगणाऱ्या वस्तूचे प्लावक बल, म्हणजे पाणी तिला वर ढकलते ते बल, काढताना पूर्ण घनफळ वापरणे, ही आर्किमिडीजच्या तत्त्वावरील सर्वांत महागडी चूक. १.२ किलोग्रॅमचा, दोन लिटर घनफळाचा नारळ पाण्यावर तरंगत असेल, तर उत्तर १९.६ न्यूटन येत नाही. तो स्थिर आहे, म्हणजे प्लावक बल त्याच्या वजनाएवढे, ११.७६ न्यूटन, आणि बुडालेला भाग १.२ लिटर. खनिजाचा एकच खडा मांडवीत टाकला तर बुडतो आणि त्याच खनिजाने भरलेली बार्ज मुरगाव बंदराकडे तरंगत जाते, कारण पोकळ बार्ज आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते. तीच बार्ज नदीच्या गोड्या पाण्यातून समुद्राच्या खाऱ्या पाण्यात गेली की किंचित वर उचलली जाते. तेव्हा प्लावक बल वाढले असे लिहू नये. ते वजनाएवढेच राहते, जास्त घनतेचे पाणी थोडे कमी सारावे लागते इतकेच.

बाटलीचा प्रयोग फसतो तेव्हा

प्लॅस्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोके पाडली की सर्वांत खालची धार सर्वांत दूर जाते, असे चित्र मुले प्रकल्पाच्या वहीत काढतात. प्रत्यक्षात बाटली जमिनीवर ठेवून पाहिले की मधली धार पुढे जाते आणि मग मुले वहीत खोटे आकडे भरतात. तसे करू नये, कारण प्रयोग बरोबर असतो. पाणी तळापासून २४ सेंटीमीटर उंच आणि भोके तळापासून ६, १२ व १८ सेंटीमीटरवर असतील, तर खालच्या भोकावर खोली १८ सेंटीमीटर आहे, ६ नव्हे. खोली नेहमी पृष्ठभागापासून मोजावी. खालची धार सर्वांत वेगवान असते, पण तिला खाली पडायला वेळ सर्वांत कमी मिळतो. हिशेबाने मधली धार २४ सेंटीमीटरवर पडते आणि वरची व खालची, दोन्ही सुमारे २०.८ सेंटीमीटरवर.

बाटली ५० सेंटीमीटर उंच स्टुलावर ठेवावी, झाकण काढावे, कारण ते लावलेले असेल तर धार लवकरच अडखळते, आणि भोकांवरची चिकटपट्टी एकाच झटक्यात ओढावी. पातळी लगेच उतरू लागते, म्हणून पाणी अंगणात प्रथम जिथे पडेल तिथेच खडूने खूण करावी. आता खालच्या धारेची खूण सर्वांत दूर, हिशेबाने ६३ सेंटीमीटरच्या आसपास, मधलीची ५४ च्या पुढे आणि वरचीची ४० वर पडते. भोकांच्या कडांचे घर्षण धरता तिन्ही खुणा थोड्या अलीकडे सरकतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही.