गणपतीच्या तोंडावर कोच उसवू नका: किनाऱ्यावरच्या घरातलं जुनं फर्निचर दुरुस्त करताना या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या वेंगुर्ल्याकडे घरोघरी एकच घाई उडते. चतुर्थीला मुंबईची माणसं येणार, भिंतींना हात फिरवायचा, पडदे धुवायचे आणि ओटीवरच्या कोचाला नवं कापड चढवायचं. मीही हेच केलं होतं. आजोबांचा सागवानी कोच श्रावणात उसवला, नवा फोम घातला, वरून रेक्झिन ताणून लावलं. गणपतीत सगळ्यांनी कौतुक केलं. दसऱ्यापर्यंत कोचावर बसलं की कुबट वास यायला लागला. दिवाळीत पुन्हा उसवला, तर फोमच्या खालच्या अंगाला काळ्या ठिपक्यांची नक्षी, तळाचा प्लाय फुगलेला आणि प्रत्येक स्टेपलभोवती गंजाचं तांबूस कडं. रेक्झिन धडधाकट होतं, आतलं सगळं गेलं होतं.

गावातले म्हातारे सुतारकाका ते बघून एवढंच म्हणाले, "आधी पाय बघ गो, कापड मगे." तेव्हापासून जुनं फर्निचर हातात घेतलं की मी खालून वर आणि आतून बाहेर जाते. किनाऱ्यावर फर्निचर बिघडतं ते ओलाव्याने आणि खाऱ्या वाऱ्याने, आणि दोन्ही आधी तिथेच शिरतात जिथे आपली नजर जात नाही.

वेळ चुकली की सगळं चुकतं

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडातला ओलावा २० टक्क्यांकडे सरकतो. थंडीत आर्द्रता ६५ टक्क्यांपर्यंत उतरली की तो १२ टक्क्यांच्या आसपास येतो. फुगलेल्या लाकडाचा सांधा घट्ट वाटतो, म्हणून आपण तो तसाच ठेवतो आणि माघात तो करकरायला लागतो. ओल्या लाकडावर फोम आणि कापड ठोकलं तर तो ओलावा आतच कोंडतो.

म्हणून उसवायचं काम दिवाळीनंतर काढावं आणि शिमग्यापर्यंत संपवावं. राहिलंच तर वैशाखात, पहिल्या पावसाच्या आधी. गणपतीसाठी घर सजवायचं असेल तर त्याची तयारी मे महिन्यात करायची. श्रावणात फक्त अभ्रे बदला.

पावसात भिजलेलं लाकूड लवकर वाळावं म्हणून लोक ते अंगणात कडक उन्हात टाकतात. वरचा थर भराभर वाळून आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकडाला चिरा पडतात. सांगाडा पडवीत, वारा खेळेल असा, सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवा. ऊन द्यायचं ते निवाडीला, कापसाला आणि काथ्याला.

डुगडुगणाऱ्या पायात खिळा मारणं

जुन्या फर्निचरची सर्वांत जास्त नासाडी या एका खिळ्याने होते. खुर्ची हलते म्हणून कुणीतरी तिरका खिळा मारतं. काही दिवस बरं वाटतं. मग खारा वारा खिळ्याला गाठतो, गंज खिळ्याला फुगवतो आणि फुगलेला खिळा लाकूड फाडतो. सागासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळा डागही उतरतो, आणि तो पॉलिशखाली लपत नाही.

हलणारा सांधा पूर्ण सोडवावा लागतो. लाकडी हातोडी घ्या किंवा लोखंडी हातोडीखाली कापडाची घडी धरा, आणि हळूहळू ठोकत सांधा मोकळा करा. जुन्या खुर्च्यांत बहुधा सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, असतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्यावर काही मिनिटं धरलं की तो मऊ होतो. मग खाच आणि तिच्यात बसणारं टोक, दोन्ही लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत खरवडा. घाई होते ती इथे. जुन्या सरसावर नवा पांढरा गोंद ओतला तर तो लाकडाला भिडतच नाही, सरसावर नुसता बसून राहतो आणि चार दिवसांत सुटतो. गोंद पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा घ्या.

सांधा आवळायला शिकंजा नसेल तर सुंभाची दोरी चालते. चारही पायांभोवती दुहेरी वेढा द्या, दोन पदरांमध्ये लाकडाची काठी घाला आणि पीळ देत जा. सांध्यातून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की थांबा, काठी आडव्या पट्टीला अडकवा आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळल्यावर तो काढायला गेलात तर त्या जागी पॉलिश धरणार नाही. आवळण्याआधी खुर्ची सपाट जमिनीवर चारही पायांवर उभी आहे ना, हे बघायला विसरू नका. वाकडी सुकली तर ती कायमची वाकडी.

पीठ पडतंय, म्हणून रॉकेल ओतलं

खुर्चीखाली रोज सकाळी मैद्यासारखं पिवळसर पीठ दिसत असेल आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील, तर तो भुंगेरा आहे. वाळवी अशी भोकं पाडत नाही. ती मातीचे बोगदे करत येते आणि वरचा पापुद्रा ठेवून आत पोखरते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाळवी असेल तर खुर्ची साफ करून भागणार नाही, ती भिंतीतून किंवा जमिनीतून कुठून चढते ती वाट शोधा.

भुंगेऱ्यासाठी भोकात रॉकेल किंवा डिझेल ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. ते उडून जातं, वास राहतो, आग लागायची भीती वाढते आणि आतल्या अळ्या बऱ्याचदा जिवंत राहतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी लाकडात मुरतं आणि टिकतं, पण ते पॉलिश केलेल्या पृष्ठभागातून आत जात नाही. आधी पॉलिश उतरवा, कोरड्या उघड्या लाकडाला दोन-तीन हात द्या, मगच पुढचं काम. पोरं आणि गुरं जवळपास नसतील तेव्हा करा.

काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि जाळ्यांना लावतात, म्हणून कुणी ते खुर्चीला लावायचा सल्ला देतं. ते त्वचेला बिब्ब्यासारखं उततं. माणूस जिथे हात टेकतो, मांडी टेकतो, तिथे ते नकोच.

खोबरेल तेलाची चमक

घरचं खोबरेल हाताशी असतं, लाकडाला चोळलं की दोन दिवस छान झळाळतं. पण खोबरेल सुकत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं, पुढे खवट होतं आणि पावसाळ्यात त्या थरावर बुरशी येते. तेलच लावायचं तर उकळलेलं (दुकानात 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून मिळतं ते) जवसाचं तेल लावा. ते हवेत सुकून कडक होतं. अगदी पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. आणि ज्या फडक्याने पुसलंत त्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कुठलं पॉलिश आहे ते न बघता घासायला घेणं

खुर्चीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर ते चपड्या लाखेचं स्पिरिट पॉलिश. तसं असेल तर सगळं घासायची गरजच नसते. मळ काढून नवे हात दिले की नवं पॉलिश जुन्यात विरघळून एकजीव होतं. इतकी सुंदर आणि दुरुस्तीला इतकी सोपी वस्तू घासून टाकून वर प्लास्टिकसारखं चकचकीत काही चढवणं मला बघवत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. लाकडावरची बुरशी स्पिरिटने पुसा, असा सल्ला सगळे देतात. लाखेच्या पॉलिशवर तो अजिबात चालवू नका, बुरशीबरोबर पॉलिशही निघून येईल. तिथे किंचित ओलं, घट्ट पिळलेलं फडकं आणि मग लगेच कोरडं.

पॉलिश केल्यावर पांढरा ढग आला तर हवा दमट होती, एवढंच समजा. कोरड्या दिवशी, दुपारी, त्यावर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा हलकेच फिरवला तर ढग बहुतेक वेळा विरतो.

जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. वॉटरपेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि निघालेला चिखल अंगणात टाकू नका.

आत काय भरलंय आणि ते कशाने ठोकलंय

माझ्या कोचाची मुख्य चूक ही होती: खाली सलग प्लाय, वर फोम, चहूबाजूंनी रेक्झिन. शिरलेली दमट हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. आता मी प्लायला हातभर अंतराने इंचभर व्यासाची भोकं पाडते आणि तळाला रेक्झिनऐवजी विरळ सुती कापड लावते. बसायच्या जागी फोम ४० घनतेचा घ्या, म्हणजे घनमीटरला ४० किलो. पाठीला त्याहून हलका चालतो. हाताने दाबून "कडक आहे ना" एवढंच बघून घेतला तर फसाल. कडकपणा वेगळा आणि घनता वेगळी. कमी घनतेचा फोम कडक असला तरी लवकर बसतो. काळे ठिपके पडलेला फोम धुऊन वापरू नका, टाकून द्या. जुना काथ्या मात्र टाकू नका. उसवून, झटकून, चार कडक उन्हं दाखवली की तो पुन्हा उभा राहतो, आणि त्यातून हवा जाते.

रेक्झिनमध्ये पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असलेलं कापड दमट हवेत पापुद्रे धरून सोलतं. ओलावा त्या थराचे रेणूच तोडतो, तेल किंवा पॉलिश लावून ते थांबत नाही. किनाऱ्यावर जाड सुती कॅनव्हास बरा. तो आधी धुऊन, आटवून घ्या.

लोखंडी चुका (कापड ठोकायचे बारीक खिळे) आणि साधे स्टेपल टाळा. स्टेनलेस स्टीलचे, मिळाले तर खाऱ्या हवेला जास्त टिकणाऱ्या ३१६ प्रतीचे, किंवा पितळी घ्या. महाग पडतात. पण गंजाचा डाग एकदा कापडातून वर आला की अख्खं कापड बदलावं लागतं.

कापड किती घ्यायचं? १८ इंची चौरस बैठक, दोन इंची फोम आणि खाली दुमडायला दोन इंच धरले तर एक तुकडा २६ इंचांचा होतो. ५४ इंच पन्ह्यात दोन बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, म्हणजे ७८ इंच. जेमतेम दोन मीटर, म्हणून सव्वादोन घ्या. मोठी फुलं असतील तर जास्त. ठोकताना एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं. चारही बाजूंचे मध्य आधी, मग बाहेरच्या दिशेने, कोपरे शेवटी.

सैल पडलेला वेत लगेच काढू नका

आरामखुर्चीचा वेत खोलगट झाला, पण तुटला नसेल, तर खुर्ची उलटी करा. खालची, चकाकी नसलेली बाजू कोमट पाण्याने चांगली भिजवा. त्या बाजूने वेत पाणी पितो. वरच्या गुळगुळीत बाजूने पीत नाही. अर्ध्या तासाने खुर्ची सरळ करून उन्हात ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कुणाला बसू देऊ नका. वाळताना वेत आक्रसून ताणला जातो. हे फक्त कोरड्या दिवसांत जमतं, पावसाळ्यात वेत वाळायच्या आधी कुजतो.

घर बंद करून जाताना

कोचावर प्लास्टिक टाकून जाऊ नका. प्लास्टिकखाली वाफ धरते. जुनं सुती लुगडं किंवा धोतर टाका. कोच भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कारण जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. पायांच्या तळाला लाकडाच्या आतल्या बारीक नळ्या उघड्या असतात आणि तिथूनच जमिनीची ओल वर चढते, म्हणून खुर्ची उलटी करून तळांना दोन हात पॉलिश द्या आणि मग मेण घासा. पायांना रबरी टोप्या असतील तर आधी त्या काढून बघा. फरशी पुसलेलं पाणी त्यांत साठून राहतं. पायांखाली लाकडाच्या कोरड्या चकत्या ठेवलेल्या बऱ्या, आणि शेजारी कुणाकडे किल्ली असेल तर श्रावणात उघडीप पडेल त्या दिवशी दोन तास खिडक्या उघडायला सांगून ठेवा.